माजी सैनिकांच्या आठवणीतली तिकडची साधी माणसं : नोंद घ्यायची कशी?

पंचगंगा_घाट

शिरोळ, कागल, गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यात दर गल्लीत एखादा फौजी निघतोच. सैनिक टाकळीचं तर नावातच आलं. १९७१ ला विशीत असलेले आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत, १९६५ वाले ऐंशी ओलांडून गेलेत. त्यांचे सत्कार होतात, मुलाखतीही होतात. पण त्यात 'हल्ला कसा केला' एवढंच येतं. लढाईच्या मुलखात भेटलेली साधी माणसं, म्हणजे भाकरी देणारी बाई, वाट दाखवणारा गुराखी, दार न उघडणारं घर, ही सगळी गळून जातात. एका तालमीच्या वाचनालयासाठी अशा दहा-बारा नोंदी करायच्या आहेत. माणसं कशी निवडायची, काय विचारायचं, काय चुकतं? ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी सविस्तर लिहा. 'अभिमान आहे' असले प्रतिसाद नकोत, कृपा करून.

तार_जोडणारा

पहिली चूक निवडीतच होते. सगळे इन्फंट्रीवाल्याकडे धावतात, त्यातही पदक मिळालेल्याकडे. पण लढाई पेटली की सीमेवरची गावं आधीच रिकामी झालेली असतात. १९६५ आणि १९७१ दोन्ही वेळी पंजाबच्या सीमेवरचे बरेच लोक मागे हलले होते. चढाई करणाऱ्या कंपनीतला जवान म्हणाला, 'माणूसच दिसला नाही, कुत्री आणि बांधलेली जनावरं तेवढी', तर तो विसरलेला नाही. ते तसंच होतं.

साध्या लोकांशी रोजचा संबंध यायचा तो या मंडळींचा :

नर्सिंग असिस्टंट. पलटणीच्या एमआय रूमच्या (तपासणीच्या दवाखान्याच्या) दारात गावकरी येऊन बसायचे. खरूज, जुलाब, भाजलेलं पोर. याच्याकडे घरं आणि चेहरे भरलेले असतात.

ड्रायव्हर. एकाच रस्त्यावर पन्नास फेऱ्या. चहाच्या टपरीवाल्याचं पोर कितवीला होतं तेही याला ठाऊक.

सिग्नलचा लाइनमन. तार तुटली की शोधत शोधत लोकांच्या शेतातून, अंगणातून जायचं.

इंजिनिअर. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये आपल्याकडची माणसं बरीच. पूल बांधायला, रस्ता सारखा करायला स्थानिक मजूर लागतात, म्हणजे मजुरी, भांडणं, मुकादम सगळं आलं.

लंगरचा कुक. भाजी, अंडी, सरपण कुठून यायचं ते याला विचारा. याला सत्काराला कुणी बोलवत नाही, ही गोष्ट वेगळी.

बारा नोंदी करणार असाल तर निम्म्या तरी या लोकांच्या करा.

लाल_माती

वरच्याला जोडून प्रश्नांबद्दल. 'तिथल्या लोकांचा काय अनुभव आला?' असं विचारलं की 'चांगली होती माणसं' एवढंच उत्तर येतं, आणि विषय संपतो. आठवण वस्तूला चिकटलेली असते, तिथून ओढायची.

पाणी कुठून आणायचात, विहीर का हातपंप, आणि तिथं आधी कोण उभं असायचं? सगळ्यात जवळचं घर किती लांब? रात्री त्या घरात दिवा दिसायचा का? अंडी, कोंबडी घेतली तर पैसे दिलेत का बदल्यात साखर, रॉकेल? तुमचा कुठला शब्द त्यांना कळला? पोरं जवळ यायला किती दिवस लागले? त्यांच्यातलं कोण तुमच्यावर चिडलेलं होतं? हा शेवटचा प्रश्न नेहमी टाळला जातो. तो विचाराच, पण पहिल्या बैठकीत नको.

अंतर आणि आकार कोल्हापूरच्या मापात विचारा. 'नदी किती रुंद होती?' याला उत्तर येत नाही. 'शिवाजी पुलाखालच्या पंचगंगेएवढी का त्याहून मोठी?' याला लगेच येतं. 'बिंदू चौकातून अंबाबाईच्या देवळाएवढं लांब?' 'तळं रंकाळ्याएवढं का कोटीतीर्थाएवढं?' या मापानं सांगितलेलं नंतर नकाशावर ताडून बघता येतं.

प्रश्नांचा कागद आधी देऊ नका. दिलात तर आदल्या रात्री घरात बसून भाषण तयार होतं.

गारगोटी_नाका

कागद देऊ नका हे पटत नाही. ऐंशीच्या माणसाला अचानक विचारलं तर तो गोंधळतो. विषय तरी सांगावा.

लाल_माती

विषय सांगा, प्रश्न नको. 'तिकडच्या लोकांविषयी बोलायचंय, फोटो, पत्रं असली तर काढून ठेवा' एवढा निरोप दोन-तीन दिवस आधी पुरतो. तेवढ्यात ट्रंक उघडली जाते, आणि निम्मं काम ट्रंकच करते.

कागदपत्री

बोलणं सुरू करायच्या आधी कागद बघा, नाहीतर चार तास भलत्याच लढाईचं ऐकत बसाल.

डिस्चार्ज बुक सगळ्यात महत्त्वाचं. त्यात पलटण, ट्रेड, भरती-निवृत्तीच्या तारखा, हुद्दा. आपल्या गावात प्रत्येक माजी सैनिक 'मेजर' असतो, त्यामुळे शिपाई, नाईक, हवालदार, नायब सुभेदार यातलं खरं काय ते बुकातून घ्या आणि शब्दांकनात तेच लिहा. पीपीओ (पेन्शनचा आदेश) असेल तर त्याच्याशी जुळवा.

मग पदकं. काठावर किंवा मागे नंबर आणि नाव कोरलेलं असतं, ते भिंगातून वाचा. १९७१ ला पूर्वेकडे होता की पश्चिमेकडे, हा घोळ पदक सोडवतं : पूर्वी स्टार म्हणजे बांगलादेशची बाजू, पश्चिमी स्टार म्हणजे पंजाब, राजस्थान, काश्मीर. १९६५ ला समर सेवा स्टार प्रत्यक्ष रणक्षेत्रातल्यांना, रक्षा मेडल त्याहून कितीतरी जास्त लोकांना. श्रीलंकेत शांतिसेनेत (१९८७ ते १९९०) गेलेल्याच्या विदेश सेवा मेडलवर देशाच्या नावाची पट्टी असते. पदक घासून चकचकीत करू नका, कोरलेलं पुसट होतं. घरचे उत्साहानं चिंच लावायला घेतात, त्यांना आवरा.

तारखांसाठी एक युक्ती. फौजींना इंग्रजी तारीख आठवत नाही, पण चांदणं होतं की काळोख हे आठवतं. १९७१ ला २ डिसेंबरला मार्गशीर्ष पौर्णिमा होती, म्हणजे इकडं नरसोबाच्या वाडीला दत्तजयंतीची गर्दी ओसरते आहे आणि ३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या तळांवर बॉम्ब टाकलेत. १७ तारखेला अमावास्या. त्यामुळे 'टिपूर चांदण्यात गावात शिरलो, म्हातारा कंदील विझवा म्हणाला' असं कुणी सांगितलं तर ते डिसेंबरच्या पहिल्या पाच-सात दिवसांतलं. १६ डिसेंबरच्या शरणागतीच्या रात्रीचं असूच शकत नाही, त्या रात्री गुडुप काळोख. १९६५ ला ३० ऑगस्टला गणपती बसले, ९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, आणि लाहोरच्या दिशेनं फौज ६ सप्टेंबरला पुढे सरकली, ऐन गणपतीत. 'पलटणीतला गणपती विसर्जन न करताच निघालो' असं ऐकलंत तर तारखेच्या दृष्टीनं ते बरोबर बसतं. खरं आहे का, ते दुसऱ्या माणसाकडून ताडायचं.

गारगोटी_नाका

हे तिथीचं भारी आहे. जुनं पंचांग मिळालं तर कामच होईल.

मुडी_म्हणजे_चुरमुरे

पूर्वेकडच्यांची नोंद घेणार असाल तर थोडी तयारी करून जा.

पहिलं म्हणजे 'सिव्हिलियन' कोणाला म्हणायचं. मुक्तिबाहिनीतले, म्हणजे बांगलादेशसाठी लढणाऱ्या तिथल्याच लोकांतले, बरेच जण लुंगी-बनियनवरच असायचे. फौजी त्यांना नुसतं 'मुक्ती' म्हणतात, पण पन्नास वर्षांनी 'गावातला एक माणूस बरोबर आला' असंही म्हणतात. 'त्याच्याकडे रायफल होती का? तो परत त्याच गावात गेला का?' हे दोन प्रश्न विचारले की उलगडतं. जमालपूरचं उदाहरण प्रसिद्ध आहे. ९ डिसेंबरला आपले ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण या म्हणून लिहिलेलं पत्र तिथल्या पाकिस्तानी ठाण्यात नेलं ते जहूरुल हक मुन्शी यांनी, सायकलवरून. लांबून बघणाऱ्या जवानाला सायकलवरचा खेडूतच दिसणार. प्रत्यक्षात ते मुक्तिबाहिनीचे होते. ठाण्याचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी नकार धाडला आणि सोबत बंदुकीची एक गोळी. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, या लढाईत होती आणि जमालपूर ११ तारखेला पडलं. त्यामुळे आपल्याकडं हा प्रसंग सांगणारे भेटतात. विचारा : पत्र जाताना तुम्ही पाहिलंत, का पलटणीत नंतर कळलं? बहुतेकांनी ऐकलेलंच असणार, आणि त्यात काही कमीपणा नाही.

त्याच ११ डिसेंबरला टांगाइलला छत्रीधारी उतरले ते २ पॅरा. ही मूळची मराठ्यांचीच तिसरी पलटण. छत्रीनं टाकलेलं सामान शेतांत, तळ्यांत विखुरलं होतं आणि ते गोळा करायला, वाहायला गावकरी धावून आले. इथं तपशील विचारायला भरपूर वाव आहे : डोक्यावरून नेलं का कावडीनं, मोबदला मागितला का, रात्री परत गेले का थांबले.

दुसरं म्हणजे शब्द. 'त्यांना आमची मराठीच जास्त कळायची' असं कुणी म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नका. भात बंगालीतही भातच, नौका नौकाच. मुडी म्हणजे आपले चुरमुरे, डाब म्हणजे शहाळं. पाण्याला हिंदू घरात जल (उच्चार 'जोल') आणि मुसलमान घरात पानी म्हणायचे, म्हणून 'पाणी मागितल्यावर ती बाई काय म्हणाली?' या एका प्रश्नातून घराचा अंदाज येतो. पाकिस्तानी सैनिकांना गावकरी 'खान सेना' म्हणायचे. हा शब्द सैनिकाच्या तोंडून न विचारता आला तर त्यानं तो बहुधा तिथंच ऐकलाय.

इतर मुलखांसाठीही असंच. पंजाबात खाटेला मंजी, आणि शीख घरात पोळीला परशादा. श्रीलंकेतल्या तमिळ घरात पाण्याला तण्णी आणि थोरल्या भावाला अण्णा, जो आपल्याकडंही अण्णाच. लडाखात जुले. असे शब्द जसे उच्चारले तसेच लिहा, दुरुस्त करू नका.

आवाजाचं_काम

आता यंत्राचं. महागडं काही लागत नाही. बरा फोन आणि कॉलरला लावायचा वायरचा माइक पुरे. माइक हनुवटीखाली वीतभर. शाल, मफलर, उपरण्याला घासला तर सगळ्या रेकॉर्डिंगवर खरखर येते आणि ती नंतर निघत नाही.

डब्ल्यूएव्ही फॉर्मॅट, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. तासाला साधारण ५२० एमबी. दोन-तीन बैठकांचे मिळून तीन तास धरले तर दीड जीबीच्या वर, म्हणून जाण्याआधी ४ जीबी तरी मोकळी ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर. नुसता सायलेंट केला तर फोन येताच रेकॉर्डिंग थांबू शकतं, आणि ऐन प्रसंगात नातेवाइकाचा फोन येतोच. दर ४० मिनिटांनी फाइल बंद करून नवी चालू करा. एक बिघडली तरी बाकीच्या राहतात.

छताचा पंखा बंद. फ्रिज त्याच खोलीत असेल तर तेवढ्यापुरता बंद, आणि तुमच्या गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवा म्हणजे तो चालू केल्याशिवाय घर सोडणार नाही. पावसाळ्यात पत्र्याच्या घरात बसूच नका. गळीत हंगामात रस्त्याकडची खोली नको, उसाचे ट्रॅक्टर काय गाणी लावून जातात ते सगळ्यांना माहीत आहे. सकाळी दहा ते साडेअकरा ही वेळ बरी : नाश्ता, गोळ्या झालेल्या असतात आणि कुकरच्या शिट्ट्या अजून सुरू व्हायच्या असतात.

तोफखान्यातल्या लोकांना ऐकू कमी येतं. ओरडू नका, ओरडलं की आवाज फाटतो आणि त्यांना आणखी कळत नाही. चांगल्या कानाच्या बाजूला, समोर दिसेल असं बसा, खालच्या पट्टीत सावकाश बोला.

परत आल्यावर त्याच दिवशी तीन प्रती : लॅपटॉप, हार्ड डिस्क, आणि तिसरी दुसऱ्या घरात. पंचगंगेचा पूर दोन वर्षं आठवा, २०१९ आणि २०२१. एकाच कपाटातल्या तीन प्रती म्हणजे एकच प्रत. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस, गाव, क्रमांक असं ठेवा. 'काका नवीन फायनल' असलं नाव वर्षभरानं कुणालाच कळत नाही.

तार_जोडणारा

व्हिडिओ करावा का?

आवाजाचं_काम

पहिल्या बैठकीत नको. कॅमेरा दिसला की कोट, टोपी, पदकं चढतात आणि बोलणं सत्काराचं होतं. शेवटच्या बैठकीत वस्तू दाखवताना दहा मिनिटं करा : फोटो, पत्र, तिकडून आणलेलं भांडं. शब्दांकनाला एका तासाच्या रेकॉर्डिंगला पाच ते आठ तास धरा. आपल्याकडची बोली आणि लष्करी हिंदुस्तानी मिसळलेली असते, यंत्रानं केलेलं मराठी शब्दांकन 'लंगर'चं 'लंगडं' करून ठेवतं.

लाल_माती

काय चुकतं यावर थोडं. सगळ्यात मोठी अडचण खोटं बोलण्याची नाही, मिसळण्याची आहे. पन्नास वर्षांत सिनेमे आले, टीव्हीवर मालिका आल्या, आता तर रोज व्हॉट्सॲपवर शौर्यकथा येतात. ऐकलेली गोष्ट हळूहळू पाहिलेली होते. शब्दांकनात समासात तीन खुणा करा : 'पा' पाहिलेलं, 'ऐ' तेव्हाच ऐकलेलं, 'नं' नंतर कळलेलं. ठरवायचं कसं? 'तुम्ही कुठं उभे होता? मागं काय होतं? वास कसला येत होता?' प्रत्यक्ष पाहिलेल्याला मागचं सांगता येतं. 'भाताच्या पेंढ्या जळाल्याचा वास' असं काही निघालं की समजायचं, हा माणूस तिथं होता. मात्र एखाद्याला वास आठवला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही.

नातवंडांना शेजारी बसवू नका. 'आजोबा, ते झेंड्याचं सांगा की' म्हणून गाडी परत तिथंच नेतात. पण बायको बसली तर बसू द्या. 'तुम्ही पत्रात तर वेगळंच लिहिलं होतं' असं म्हणणारी तीच एक असते.

आणि गप्प बसायला शिका. माणूस थांबला की मनात दहापर्यंत मोजा. साध्या लोकांच्या आठवणी बहुतेक त्या थांबण्यानंतरच येतात, कारण त्यात लाज असते, उपकार असतात, कुणाला तरी मदत करता आली नाही ते असतं. हात थरथरले, श्वास वाढला तर रेकॉर्डिंग बंद करा, पाणी द्या, विषय भरतीच्या दिवसांवर न्या. एक बैठक सव्वा तासाच्या वर नको. रात्री त्रास होतोय असं घरच्यांनी सांगितलं तर पुढची बैठक रद्द. मानसिक त्रासासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक घरच्यांकडं देऊन ठेवा, तिथं मराठीतही बोलता येतं.

कागदपत्री

संमतीपत्रावर 'माझी हरकत नाही' एवढं लिहून सही घेतली की काम झालं असं समजू नका. मराठीत एक पान पुरे, पण त्यात चार गोष्टी सुट्या हव्यात : आवाज जपायला परवानगी, वाचनालयात ऐकवायला, छापायला, इंटरनेटवर टाकायला. प्रत्येकापुढं हो किंवा नाही. काही भाग मृत्यूनंतर किंवा ठरावीक वर्षांनी उघडायचा असेल तर ती मुदत. एक प्रत त्यांच्याकडं.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ज्यांच्याविषयी बोललं जातंय त्यांची संमती तुमच्याकडं नाही. काश्मिरात एखाद्या घरानं फौजेला चहा दिला, वाट दाखवली, ही इकडं कौतुकाची गोष्ट, तिकडं आजही त्या घरावर संकट आणणारी ठरू शकते. मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या २७, ४१ आणि ५६ राष्ट्रीय रायफल्समधून आलेली माणसं इथं आहेत, त्यांच्या नोंदीत गाव, घर, नाव काही छापू नका. 'खोऱ्यातलं एक गाव' पुरे. मूळ रेकॉर्डिंगमध्ये राहू द्या, ते बंद भागात ठेवा. श्रीलंकेच्या नोंदींनाही हाच नियम. बायकांवरच्या अत्याचाराचा उल्लेख आला तर नाव, नातं, गल्ली सगळं गाळायचं, कितीही वर्षं झाली तरी. ठाण्यांची रचना, गस्तीच्या वाटा वगैरे अलीकडचं निघालं तर ते वगळाच.

उलट जिथं माणूस स्वतःच जगासमोर आलेला आहे तिथं लपवाछपवीची गरज नाही. कारगिलच्या वेळी बटालिकच्या बाजूला घुसखोर पहिल्यांदा पाहून फौजेला सांगणारे मेंढपाळ ताशी नामग्याल, त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे.

वळिवडे_रोड

थोडं अवांतर, पण विषय उलट्या बाजूनं बघा असं सुचवतो. परक्या मुलखातली युद्धाची माणसं कोल्हापुरात येऊन राहिली होतीच की. १९४३ ते १९४८ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, जवळजवळ पाच हजार माणसं, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. त्यातल्या कित्येकांच्या घरचे पुरुष पोलिश फौजेबरोबर इटलीत लढत होते. त्याच इटलीत मराठा पलटणीही होत्या : नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी. म्हणजे इकडचा शेतकरी तिकडं इटालियन शेतकऱ्याच्या अंगणात, आणि पोलिश सैनिकाची बायको-पोरं पंचगंगेच्या काठाला भाजी विकत घेतायत. पुढं फाळणीनंतर त्याच परिसरात सिंधी निर्वासित आले, आजचं गांधीनगर.

इटलीला गेलेले आता भेटणं अवघड. पण वळिवडे, उचगाव, गांधीनगर भागात नव्वदीच्या पुढची जी थोडी माणसं आहेत त्यांना लहानपणी पाहिलेली छावणी आठवू शकते. त्यांनाही वरचेच प्रश्न लागू : काय विकलं, कुठला शब्द कळला, कुणाची भीती वाटली. शेजाऱ्याची बाजू ऐकली की फौजीला काय विचारायचं तेही जास्त कळतं.

पंचगंगा_घाट

यातलं बरंच डोक्यातच आलं नव्हतं, विशेषतः कुक आणि नर्सिंग असिस्टंटचं. दोन शंका. माणसं शोधायची कुठं? आणि दोन सैनिकांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर कुठली ठेवायची?

तार_जोडणारा

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, ईसीएचएस (माजी सैनिकांचा दवाखाना), कँटीन. नोव्हेंबर उत्तम, कारण हयातीच्या दाखल्यासाठी बरेच जण घराबाहेर पडतात. तिथं मुलाखत घेऊ नका, फक्त ओळख करून घ्या आणि 'तुमच्या पलटणीतला ड्रायव्हर कोण होता, कुक कोण होता?' एवढं विचारा. पलटणीचे स्थापना दिवस साजरे करणारे गटही आहेत, एक माणूस मिळाला की पाच मिळतात.

लाल_माती

दोन्ही ठेवा, शेजारी शेजारी. एक म्हणतो गावकऱ्यांनी हार घातले, दुसरा म्हणतो दारं बंद होती. आधी वेळ विचारा. पहाटे पुढं गेलेल्या कंपनीला दारं बंदच दिसणार, दुपारी आलेल्या गाड्यांना हार. ड्रायव्हर आणि रायफलमन एकाच गावातून सहा तासांच्या फरकानं गेलेले असतात.